महायुद्धाचा पट मांडताना: वर्ल्ड इन फ्लेम्स आणि त्याची जातकुळी

सहाकोनी

अख्खं दुसरं महायुद्ध एका टेबलावर मांडणारे खेळ, म्हणजे वर्ल्ड इन फ्लेम्स, थर्ड राइश, अ वर्ल्ड ॲट वॉर वगैरे, यांच्याबद्दल इकडेतिकडे विखुरलेलं बरंच सापडतं, पण एका जागी काहीच नाही. म्हणून हा धागा. नियमपुस्तिकेचा सारांश नको. पुस्तिका दोनदा वाचूनही जे लक्षात येत नाही तेवढंच लिहा.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: वर्ल्ड इन फ्लेम्स हा ऑस्ट्रेलियन डिझाइन ग्रुपचा, १९८५ सालचा. एक टर्न म्हणजे दोन महिने. 'ग्लोबल वॉर' ही पूर्ण मोहीम सप्टेंबर-ऑक्टोबर १९३९ ला सुरू होते आणि जुलै-ऑगस्ट १९४५ ला संपते, म्हणजे ३६ टर्न. एका टर्नला सरासरी चार तास धरले तर १४४ तास होतात. तेव्हा "एका रविवारी संपवू" असं म्हणणाऱ्याला आधीच प्रेमानं बाजूला घ्या.

चर्चेसाठी तीन मुद्दे: शिकवायला सुरुवात कुठून करावी, चौघांत देश कसे वाटावेत, आणि मोहीम अर्ध्यात का मरते?

---

रसदवाला

तिसऱ्या मुद्द्यात पहिल्याचं उत्तर आहे. मोहीम मरते कारण नवीन मंडळी लढाईच्या तक्त्यापासून शिकायला बसतात. तो तक्ता दहा मिनिटांत समजतो. पण सगळा खेळ "या इम्पल्सला मला काय करायची मुभा आहे" या एका प्रश्नावर उभा आहे, आणि तो कळेपर्यंत फ्रान्स पडलेला असतो.

प्रत्येक टर्नमध्ये दोन्ही बाजू आळीपाळीनं इम्पल्स, म्हणजे खेळी, घेतात. आपल्या बाजूच्या इम्पल्सला प्रत्येक मोठा देश स्वतंत्रपणे एक ॲक्शन निवडतो: लँड, नेव्हल, एअर, कम्बाइन्ड किंवा पास. लँड घेतली तर जमिनीवरचं सैन्य हवं तेवढं हलवा, हवे तेवढे हल्ले करा, पण विमानांच्या मोहिमा मोजक्याच आणि आरमार जागचं हलणार नाही. नेव्हल घेतली की उलट: जहाजं मोकळी, जमिनीवरचं सैन्य बसून. कम्बाइन्डमध्ये सगळं थोडं थोडं. जर्मनीला याचा फारसा त्रास नाही, ती बहुतेक वेळा लँडच घेते. इटली, जपान आणि ब्रिटन यांची खरी कोंडी होते. जपानला चीनमध्ये पुढे सरकायचं असेल तर त्या इम्पल्सला पॅसिफिकमधलं आरमार बंदरात कुजतं. हे बंधन कृत्रिम वाटतं, पण एकाच वेळी सगळीकडे जोर लावता न येणं हीच त्या देशांची खरी अडचण होती, आणि ती इतक्या साध्या नियमात पकडलेली दुसऱ्या कुठल्या खेळात मला दिसलेली नाही.

दुसरी गोष्ट, उलटणं, म्हणजे युनिटचा पुठ्ठ्याचा तुकडा पालथा पडणं. विमान मोहिमेवरून आलं की उलटं, हल्ल्याचा निकाल पुरेसा चांगला नसेल तर हल्लेखोरही उलटा. उलटं युनिट टर्न संपेपर्यंत हलत नाही आणि हल्लाही करत नाही. फक्त एचक्यू (मुख्यालयाचं युनिट) त्याला मध्येच सुलटं करू शकतो, आणि तसं करताना तो स्वतः उलटा पडतो. म्हणजे एचक्यू हा तुमचा दुसरा श्वास. पहिल्याच इम्पल्सला तो खर्च केला की पुढचा महिनाभर तुमची आघाडी प्रेक्षक.

शिकवायचा क्रम माझ्या मते असा: सप्लाय (रसद), ॲक्शन, उलटणं-सुलटणं, मग जमिनीची लढाई, मग विमानं, सगळ्यात शेवटी समुद्र. त्यासाठी पूर्ण मोहीम मांडू नका. 'बार्बारोसा' हा एका नकाशाचा छोटा प्रसंग नेमका याच कामाचा आहे. त्यात उत्पादन आणि समुद्राची कटकट जवळपास नाही.

---

काउंटरकात्री

रसदवाला यांच्याशी सहमत, पण त्याआधी एक पायरी आहे: काउंटर, म्हणजे युनिटांचे पुठ्ठ्याचे छोटे चौकोनी तुकडे.

छापील पुठ्ठ्यातून काउंटर ओढून काढू नका, कोपऱ्याचा कागद सोलतो. धारदार कटरनं जोड कापा. मग कोपरे गोल करा. अर्ध्या इंचाच्या काउंटरला २ मिमी त्रिज्या पुरते, २.५ ला काही काउंटरवरच्या कोपऱ्यातला आकडा खाल्ला जातो, तेव्हा आधी एका कोऱ्या मार्करवर करून पाहा. हे सौंदर्यासाठी नाही. कोपऱ्याला पुठ्ठ्याचा तुरा राहिला की तीन-चार काउंटरांचा ढीग तिरका बसतो, चिमट्यानं वरचा उचलताना खालचे सरकतात, आणि युनिट कोणत्या हेक्समध्ये (नकाशावरच्या षट्कोनी घरात) होतं यावर वाद सुरू होतो. ३६ टर्नांच्या खेळात हा वाद परवडत नाही.

वर्गवारी देशानुसार करायची हे सगळ्यांना सुचतं. त्यात आणखी दोन फोडी पाडा: युनिटचा प्रकार आणि ते कोणत्या वर्षी फोर्स पूलमध्ये, म्हणजे बांधता येण्याजोग्या युनिटांच्या साठ्यात, येतं ते साल. बांधताना प्रकार निवडायचा आणि युनिट न बघता उचलायचं असा नियम आहे, म्हणून प्रत्येक प्रकाराला अपारदर्शक कप किंवा डबी हवी. खणांच्या ट्रेमधून उचललं की आकडे दिसतात आणि हात आपोआप चांगल्या युनिटकडे जातो. लबाडी नसते ती, पण परिणाम तोच.

नकाशावर ३ मिमीची पारदर्शक ॲक्रिलिक शीट टाका. घड्या सपाट होतात आणि चहाचा कप कलंडला तरी युरोप वाचतो. शीट नकाशापेक्षा चारही बाजूंनी एखादा इंच मोठी घ्या, नाहीतर कडेच्या हेक्समधले ढीग धारेवरून घसरतात.

---

पायदळ

वाचनखूण साठवली. एक शंका: अमेरिकेतून ब्रिटनला एक रिसोर्स (कारखान्याचा कच्चा माल) न्यायला एक कन्व्हॉय पॉइंट (मालवाहू जहाजांचा ताफा) लागतो ना? मग ब्रिटनचे लोक कन्व्हॉयसाठी एवढे का रडतात?

---

दर्यावर्दी

@पायदळ, इथेच बहुतेक जण ब्रिटन हरतात. एक रिसोर्स, वाटेतल्या *प्रत्येक* समुद्रक्षेत्रात एक कन्व्हॉय पॉइंट. तीन रिसोर्स चार क्षेत्रांतून आणायचे तर तीन गुणिले चार, बारा पॉइंट. आणि साखळी मधल्या एका कडीत तुटली तरी त्या टर्नला तो माल पोहोचत नाही. जर्मन पाणबुडीनं एकाच क्षेत्रात तीन पॉइंट बुडवले तर तीनही रिसोर्स गेले, बाकीच्या तीन क्षेत्रांतले नऊ पॉइंट रिकामे फिरले. म्हणून पाणबुड्या पसरवायच्या नाहीत. सगळे मार्ग जिथे एकत्र येतात असं एक क्षेत्र शोधायचं आणि तिथे सगळी ताकद लावायची.

ब्रिटनच्या बाजूनं उपाय तीन. पहिला, जास्तीचे पॉइंट शेवटच्या, म्हणजे बेटाजवळच्या क्षेत्रांत ठेवा, कारण सगळे मार्ग तिथून जातात. दुसरा, प्रत्येक क्षेत्रात एखादी क्रूझर तरी ठेवा. उघडे कन्व्हॉय म्हणजे आमंत्रण. तिसरा, पहिल्या टर्नपासून दर टर्नला कन्व्हॉय बांधत राहा. ते कंटाळवाणं वाटतं, टँक बांधावेसे वाटतात. १९४० च्या शेवटी कळतं की टँक आहेत पण ते बांधणारा कारखाना उपाशी आहे.

समुद्रावरची लढाई पहिल्यांदा चमत्कारिक वाटते. प्रत्येक समुद्रक्षेत्राला ० ते ४ असे खण असतात. जितक्या वरच्या खणात जहाज ठेवाल तितकी शत्रू सापडण्याची शक्यता जास्त, पण वरचा खण गाठायला चालही जास्त खर्च होते. म्हणून दूरच्या बंदरातून निघालेलं आरमार खालच्या खणातच अडकतं. दोन्ही बाजू शोधासाठी दहा बाजूंचा फासा टाकतात. फाशाचे आकडे आणि खणाचे क्रमांक यांतून सरप्राइज पॉइंट ठरतात, आणि ते ज्याच्याकडे जास्त तो लढाईचा प्रकार निवडतो, लक्ष्य निवडतो किंवा सरळ लढाई टाळतो. माझ्या मते समुद्रावर जहाजांच्या संख्येपेक्षा खण महत्त्वाचा. वरच्या खणातली दोन विमानवाहू जहाजं, खालच्या खणातल्या सहा बॅटलशिपना दिवसभर नाचवतात. जवळची बंदरं आणि बेटं एवढी मोलाची का, हे पॅसिफिकमध्ये दुसऱ्याच टर्नला कळतं. माल्टाचंही तेच.

---

सहाकोनी

उत्तम. आता देशांची वाटणी. पहिला खेळाडू जर्मनी, दुसरा इटली आणि जपान, तिसरा ब्रिटन आणि फ्रान्स, चौथा रशिया, अमेरिका आणि चीन. बहुतेक ठिकाणी असंच सुचवलेलं दिसतं.

---

खंदकातून

या वाटणीत चौथा माणूस दुसऱ्याच बैठकीला मोबाइल काढतो. १९३९ आणि ४० मध्ये रशिया सीमेवर सैन्य मोजत बसतो, अमेरिका युद्धात कधी उतरायचं ते ठरवणारे चिट ओढत बसते, आणि चीन बचाव करतो. फ्रान्स चौथ्याला द्या. पहिली पाच-सहा टर्न त्याला फ्रान्स लढवायला मिळेल, फ्रान्स पडेपर्यंत चीन चालूच असेल, आणि मग रशियाची तयारी सुरू होईल. ब्रिटन एकट्याला भरपूर काम आहे.

---

दर्यावर्दी

अर्धं मान्य. पण फ्रान्स आणि ब्रिटन वेगळ्या हातात गेले की फ्रान्सवाला शेवटच्या माणसापर्यंत पॅरिस लढवतो आणि ब्रिटनवाला आपलं सैन्य आधीच बेटावर परत नेतो. ऐतिहासिक आहे म्हणा! मला जास्त काळजी अमेरिकेची वाटते. १९४२ नंतर रशिया आणि अमेरिका एकाच माणसाकडे असले तर प्रत्येक दोस्त इम्पल्सला बाकीचे तिघे त्याच्याकडे बघत बसतात. युद्धात उतरल्यावर अमेरिका ब्रिटनवाल्याकडे सोपवा. समुद्राचे नियम तोवर त्याला तोंडपाठ झालेले असतात.

---

खंदकातून

मग ब्रिटनवाला दोन महासागर सांभाळणार आणि तीच अडचण त्याच्याकडे जाणार. अमेरिकेची पॅसिफिकमधली बाजू चीनवाल्याला, अटलांटिकची ब्रिटनवाल्याला. ॲक्शन कोणती घ्यायची ते दोघांनी मिळून ठरवायचं. उत्पादन मात्र एकाच्याच वहीत.

---

रसदवाला

वहीवरून आठवलं, उत्पादनाबद्दल कुणी लिहिलं नाही.

हिशेब असा: रिसोर्स कारखान्यापर्यंत रेल्वेनं किंवा कन्व्हॉयनं पोहोचवायचा. एक रिसोर्स, एक कारखाना, एक प्रॉडक्शन पॉइंट. एकूण पॉइंट गुणिले त्या वर्षाचा मल्टिप्लायर म्हणजे बिल्ड पॉइंट. सुरुवातीला मल्टिप्लायर १ पेक्षा कमी असतो, म्हणून १९३९ मध्ये वाया गेलेला रिसोर्स फार झोंबत नाही आणि तीच सवय १९४३ मध्ये महागात पडते.

खरा सापळा गिअरिंग लिमिटचा. एखाद्या वर्गातली युनिटं मागच्या टर्नला जितकी बांधली त्याहून जास्तीत जास्त एकच अधिक बांधता येतं. मागच्या टर्नला फायटर दोन, तर आता तीन, पुढे चार. शून्य बांधली असतील तर आता फक्त एक. त्यामुळे "या टर्नला सगळा पैसा पायदळात, विमानं पुढच्या टर्नला" हा विचार चालत नाही. विमानांचा वर्ग शून्यावर आला की परत पाचवर न्यायला पाच टर्न, म्हणजे खेळातले दहा महिने. गरज नसली तरी प्रत्येक वर्गात दर टर्नला एक-दोन युनिटं चालू ठेवा. वहीत प्रत्येक वर्गाला एक रांग आणि प्रत्येक टर्नला एक रकाना आखा. मागचा आकडा डोळ्यांसमोर असला की भांडण होत नाही.

शिवाय बांधलेलं युनिट लगेच येत नाही. ते प्रॉडक्शन सर्कलवर काही टर्न पुढे ठेवलं जातं. जून १९४१ मध्ये रशियावर जायचं असेल तर टँक कधी मागवायचे, हे उलटं मोजत यावं लागतं. मोठी जहाजं तर दोनदा पैसे घेतात, एकदा सांगाडा घालताना आणि एकदा पूर्ण करताना.

---

पायदळ

दर्यावर्दी, कन्व्हॉयचं डोक्यात शिरलं, धन्यवाद. आता लढाईचं कुणी सांगेल का? बार्बारोसा प्रसंगात जर्मन हल्ले सारखे ३:१ वर अडकतात.

---

खंदकातून

गुणोत्तर नेहमी बचाव करणाऱ्याच्या बाजूनं खाली येतं. समजा बचाव ९ चा आहे. तीन हेक्समधून हल्ला: १४, १३ आणि नदीपलीकडून १०. नदीमुळे शेवटचे १० निम्मे होऊन ५. बेरीज ३२. ९ ला २७ म्हणजे ३:१, ३६ म्हणजे ४:१. तुमचे ३२ हे २७ इतकेच मोलाचे. वरचे ५ फुकट गेले. आता दोनच मार्ग: कुठून तरी ४ आणा, किंवा ५ काढून घेऊन दुसऱ्या हल्ल्यात लावा. नदीपलीकडचं ते युनिट तसंही निम्मंच लढत होतं, त्याला दुसरीकडे पाठवलं तर तिथे तो पूर्ण १० चा.

चार आणायचे ते सहसा विमानांकडून, आणि इथे क्रम चुकतो. ग्राउंड स्ट्राइक (शत्रूची युनिटं उलटवणारा हवाई हल्ला) जमिनीवरच्या हालचालीच्या *आधी* होतो, लढाईतली हवाई मदत नंतर. स्ट्राइकला गेलेलं बॉम्बर उलटं पडतं, ते पुन्हा मदतीला येत नाही. त्यामुळे आधी ठरवा: हे बॉम्बर शत्रूला उलटवण्यासाठी की बेरीज वाढवण्यासाठी? स्ट्राइकमध्ये हेक्समधल्या प्रत्येक युनिटसाठी वेगळा फासा टाकतात, म्हणून जिथे दोन-तीन युनिटं एकावर एक आहेत तिथे स्ट्राइक फळतो. एकट्या युनिटवर विमानं उधळू नयेत. एक अपवाद: शत्रूचा एचक्यू. तो उलटा पडला की त्याच्या भोवतीचं सैन्य सावरायला कुणी उरत नाही.

फ्रॅक्शनल ऑड्स (अपूर्णांकी गुणोत्तर) हा ऐच्छिक नियम घेतला तर वरचे ५ पूर्ण फुकट जात नाहीत. पण पहिल्या खेळात तो घेऊ नका, प्रत्येक लढाईला गुणाकार-भागाकार करत बसावं लागतं.

आणि हवामान! ते इम्पल्सच्या सुरुवातीला ठरतं, नकाशाच्या प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळं. बिघडलं की विमानं, हल्ले आणि सप्लायचं अंतर, तिन्हीला फटका. एरवी युनिटपासून एचक्यूपर्यंत किंवा शहरापर्यंत चार हेक्स आणि तिथून पुढे रेल्वे, असा सप्लाय लागतो. जर्मन टँक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चौथ्या हेक्सवर उभे केले आणि पाऊस लागला की ते आपोआप सप्लायबाहेर. मग हलले की उलटे. उन्हाळ्यात इम्पल्स जास्त मिळतात, हिवाळ्यात कमी, म्हणून जर्मनीनं मे-जूनची एकही स्वच्छ इम्पल्स दवडू नये. इतिहासात हल्ला २२ जून १९४१ ला झाला. टेबलावर त्याहून आधी जमलं तर उत्तमच.

---

निवांत

चर्चा छान, पण नवख्या चौघांना थेट वर्ल्ड इन फ्लेम्सवर बसवणं मला पटत नाही. ॲव्हलॉन हिलचा थर्ड राइश, १९७४ चा, जॉन प्रॅडोस यांचा, अजूनही चांगली पहिली पायरी आहे. फक्त युरोप, एक टर्न म्हणजे एक ऋतू. पैशाचा नियम एका वाक्यात सांगता येतो: प्रत्येक आघाडीवर ऑफेन्सिव्ह ऑप्शन (पूर्ण चढाई) घ्यायचा तर १५ बीआरपी (खेळातला पैसा), नाहीतर फुकटात ॲट्रिशन (हळूहळू झिजवणं). लहान देशावर युद्ध पुकारायला १०, मोठ्यावर ३५. म्हणजे एका लहान देशावर जाऊन त्याच आघाडीवर जोर लावायचा, तर सैन्य बांधायच्या आधीच २५ गेले. १९३९ ला जर्मनीकडे असतात १५०. वर्षअखेरीला जे शिल्लक राहतं त्यावर वाढ मिळून पुढच्या वर्षाचा पाया मोठा होतो. त्यामुळे प्रत्येक स्वारीला "या पैशाची पुढच्या वर्षीची वाढ किती बुडाली" हा प्रश्न जोडलेला असतो.

---

रसदवाला

थर्ड राइशच्या दुहेरी टर्नबद्दल सांगितल्याशिवाय शिफारस करू नका. ज्या बाजूचे बीआरपी जास्त ती आधी खेळते. आता या ऋतूत तुम्ही दुसरे होतात, आणि पुढच्या ऋतूत तुमचे बीआरपी जास्त झाले, तर तुम्ही आधी. म्हणजे सलग दोन खेळ्या, मध्ये शत्रू काहीच करू शकत नाही. अनुभवी लोक मुद्दाम पैसे राखून किंवा उधळून हा पलटा जमवतात, आणि नवखा समोर असेल तर एका पलट्यात त्याचा देश संपतो. दर ऋतूच्या शेवटी दोन्ही बाजूंचे बीआरपी मोठ्यानं वाचा. फरक वीस-पंचवीसच्या आत आला की बचाव करणाऱ्यानं राजधानीच्या मागे एक राखीव फळी ठेवायचीच, आघाडी पातळ झाली तरी चालेल.

---

निवांत

बरोबर, तो काटा आहे. तिघेच असाल तर मात्र सरळ ट्रायम्फ अँड ट्रॅजेडी घ्या, जीएमटीचा, २०१५ चा. अक्ष, पश्चिम आणि सोव्हिएत अशा तीन बाजू, सुरुवात १९३६ पासून. युद्ध होईलच असं नाही. उत्पादन लोकसंख्या, उद्योग आणि रिसोर्स यांतल्या सगळ्यात लहान आकड्याइतकं. शांततेत रिसोर्स मोजत नाहीत. लोकसंख्या १२, उद्योग ९, रिसोर्स ७ असतील तर शांततेत उत्पादन ९. युद्ध सुरू झालं त्याच क्षणी ७. हा खड्डा बघून अक्षवाला शेवटच्या क्षणाला हात मागे घेतो, किंवा आधी रोमानियाकडे वळतो. उभे लाकडी ठोकळे असतात, ताकद फक्त मालकाला दिसते, त्यामुळे सीमेवर धूळ उडवता येते.

दोघे असाल आणि पहिलं महायुद्ध चालत असेल, तर पाथ्स ऑफ ग्लोरी. टेड रेसर, जीएमटी, १९९९. प्रत्येक पत्त्याचे चार उपयोग: हालचाल, रेल्वेनं स्थलांतर, भरपाई किंवा घटना, एक निवडला की बाकीचे गेले. नवख्याचा घात सप्लायमध्ये होतो. टर्नच्या शेवटी सप्लाय तुटलेली सेना कायमची नाहीशी होते, परत बांधता येत नाही. म्हणून प्रत्येक खेळीआधी बोट ठेवून मागची वाट सप्लायच्या उगमापर्यंत तपासा, विशेषतः पूर्व आघाडीवर, जिथे जागा मोकळी आहे आणि एखादी घुसलेली कोअर (आर्मीहून लहान दल) चार जर्मन आर्म्या गिळते. भरपाई किंवा स्थलांतर लागोपाठच्या दोन फेऱ्यांत खेळता येत नाही, हेही डोक्यात ठेवा. शेवटच्या फेरीसाठी भरपाई राखून ठेवणारे इथेच फसतात.

---

पायदळ

इटालियन सैनिकांना पास्ता उकळायला जास्तीचं पाणी लागतं असा नियम कुठल्या तरी खेळात आहे म्हणे, खरं की गंमत?

---

खंदकातून

खरं. कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका, एसपीआय, १९७९, रिचर्ड बर्ग. हा खेळ विकत घेतात जास्त, खेळतात कमी. पुढे चला.

---

सहाकोनी

वर्ल्ड इन फ्लेम्सवर परत येऊ. ऐच्छिक नियमांतले पहिल्या मोहिमेत कोणते घ्यावेत? आणि बैठका महिन्यातून दोनदाच होणार असतील तर डाव जपायचा कसा?

---

काउंटरकात्री

जपण्याचं मी सांगते.

बैठक शक्यतो टर्नच्या शेवटी थांबवा. त्या वेळी बहुतेक सगळं सुलटं असतं, हवामान आणि इम्पल्स नोंदवायची गरज नाही, हल्ल्यांचे वाद मिटलेले असतात. मध्येच थांबावं लागलं तर नोंद हवी: कुणाची इम्पल्स, हवामान, कोणत्या देशानं कोणती ॲक्शन घेतली, किती विमानमोहिमा उरल्या. फोटो वरून, सरळ, प्रत्येक नकाशाचे ठरलेल्या क्रमानं. तिरक्या फोटोत ढिगाखालचं युनिट दिसत नाही, म्हणून दोनपेक्षा जास्त काउंटरांचे ढीग फोटोआधी पंख्यासारखे पसरा. समुद्रक्षेत्रातले कन्व्हॉय वहीतच लिहा. फोटोत ५ आणि ६ चा घोळ ठरलेला. प्रॉडक्शन सर्कलचा आणि फोर्स पूलच्या कपांचा वेगळा फोटो.

टेबल अडवून ठेवता येत नसेल तर व्हॅसल हे फुकट सॉफ्टवेअर आहे. बैठकीच्या शेवटी स्थिती त्यात भरून ठेवली की टेबलावरचा पट मोडता येतो. दोन बैठकांच्या मधलं उत्पादन ई-मेलनं उरकलं तर प्रत्येक टर्नमागे पाऊण तास तरी वाचतो.

---

रसदवाला

ऐच्छिक नियमांत तेल घ्या, पहिल्या मोहिमेतही. काम वाढतं हे खरं, कारण विमानं, जहाजं आणि यांत्रिक दलं टर्नच्या शेवटी सुलटी करायला तेलाचे रिसोर्स खर्चावे लागतात आणि उत्पादनाला तेवढे कमी पडतात. पण तो नियम नसेल तर जपान डच ईस्ट इंडीजकडे का जाईल आणि रोमानियातलं प्लोएश्टी कुणी का जपेल? १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं जपानचं तेल बंद केलं, त्या घटनेला टेबलावर धार येते ती याच नियमामुळे. तेल साठवायला वेगळे मार्कर ठेवा आणि त्यांच्याकडे सैन्यासारखंच बघा, कारण ते ज्या हेक्समध्ये आहेत ते शत्रूनं घेतलं तर साठाही जातो.

जहाजांचे वेगळे काउंटर देणारा शिप्स इन फ्लेम्स हा विस्तार मोहात पाडतो. पॅसिफिकची आवड असेल तर घ्याच, पण मांडणीला अर्धा दिवस जास्त धरा.

---

पायदळ

शेवटची शंका. अमेरिकेचे चिट. अमेरिकावाला ओढतो, बघतो, बाजूला ठेवतो, आणि एक दिवस "युद्ध" म्हणतो. अक्षवाल्यानं नेमकं काय सांभाळायचं?

---

दर्यावर्दी

दोन ढीग असतात: एक जर्मनी-इटलीसाठी, एक जपानसाठी. अमेरिका दर टर्नला चिट ओढते आणि कुठल्या ढिगात टाकायचं ते ठरवते. त्याशिवाय तुम्ही एखाद्या देशावर युद्ध पुकारलं किंवा असंच काही केलं की फासा टाकून जास्तीचा चिट मिळण्याची शक्यता. म्हणून स्वारीची किंमत सैन्यात मोजण्याआधी चिटमध्ये मोजा. डेन्मार्क घेतला, चालेल. त्यापाठोपाठ युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि तुर्कस्तान एकाच वर्षात घेतले तर जर्मनीनं अमेरिकेला कित्येक महिने आधी बोलावलं असं समजा.

अमेरिकेनं लेंड-लीज (दोस्तांना युद्धसामग्रीची मदत), एस्कॉर्ट, निर्बंध यांसारखा पर्याय वापरला की फाशावर एखादा चिट त्या ढिगातून टेन्शनच्या ढिगात सरकू शकतो. युद्ध पुकारता येईल की नाही हे या दोन्ही ढिगांवर ठरतं. अक्षवाल्याला चिटचे आकडे दिसत नाहीत, पण ढिगांची उंची दिसते. चिट ज्या कपामधून ओढतात त्यात दरवर्षी नव्या सालाचे चिट पडतात, त्यामुळे १९३९ मधले पाच चिट आणि १९४१ मधले पाच चिट सारखे धरू नका.

आणि हेच चिट जर्मन-सोव्हिएत सीमेवरही लागतात. करार मोडण्यासाठी दोन्ही बाजूंच्या गॅरिसनची (सीमेवर ठेवलेल्या सैन्याची) तुलना होते, तिथे हेच मार्कर वजन टाकतात. कप एकच, तेव्हा तो टेबलाच्या मध्ये ठेवा आणि ओढण्याआधी दर वेळी हलवा. जर्मनीवाल्यानं सीमेवर लावलेले चिट स्वतः तपासले तरी चालतं, पण परत मांडताना बचावाचे आणि हल्ल्याचे एकत्र होऊ देऊ नका. वेगवेगळ्या रंगाच्या दोन बशा पुरतात.